बिट उलटवणाऱ्या स्क्रिप्टांचं परीक्षण: २५६ बाइटांचा तक्ता आणि बाकीचा पसारा

परीक्षणाला चार पर्याय आहेत: पायथनची ट्रान्सलेट मेथड वापरणारी वीसेक ओळींची स्क्रिप्ट, पर्लची एकोळी कमांड, पायथनसाठीचं आकडेमोडीचं पॅकेज नमपाय आणि एसरेकॉर्ड पॅकेजमधलं एसरेक-कॅट हे साधन. चौघांना काम एकच. काही गिगाबाइटच्या बायनरी फाइलमधल्या प्रत्येक बाइटचे आठ बिट उलट क्रमाने लावायचे; ००००००११ चं ११०००००० व्हायला हवं आणि बाइट मात्र जागचा हलता कामा नये. कौल आधीच सांगून टाकलेला बरा: कच्च्या बायनरीसाठी पायथन, इंटेल हेक्स किंवा एस-रेकॉर्ड (डेटा मजकुराच्या ओळींत मांडणाऱ्या) फाइलसाठी एसरेक-कॅट. पर्ल अडीनडीला. नमपाय बहुतेकांना लागतच नाही.

डेटा लिहिणारा एमएसबी, म्हणजे बाइटचा सर्वांत वरचा बिट, आधी ठेवतो आणि वाचणारा एलएसबी, म्हणजे सर्वांत खालचा बिट, आधी मागतो, तिथे ही गरज पडते. अल्टेराच्या एफपीजीएला (हवी तशी जुळवता येणाऱ्या चिपला) पॅसिव्ह सीरियल, म्हणजे बाहेरून एकेक बिट देण्याच्या, पद्धतीने आरबीएफ ही जुळणीची फाइल पाजायची तर प्रत्येक बाइटचा एलएसबी आधी जावा लागतो, आणि एसपीआय या सीरियल जोडणीचे कंट्रोलर सहसा एमएसबी आधी सोडतात. लिनक्स कर्नलमधला त्यासाठीचा ड्रायव्हर म्हणूनच गरज असेल तेव्हा बफरमधले बिट उलटवून पाठवतो. झायलिंक्सच्या एफपीजीएच्या सिलेक्टमॅप या समांतर जोडणीत डी० ही तार बाइटचा एमएसबी घेते, तिथे तीच गंमत. टिफ फाइलींत २६६ क्रमांकाचा फिलऑर्डर टॅग असतो, १ म्हणजे एमएसबी आधी, २ म्हणजे एलएसबी आधी. फॅक्समधून आलेल्या फाइलींत २ भेटू शकतो. एक्सबीएम चित्रात डावीकडचा पिक्सेल एलएसबीत, पीबीएममध्ये एमएसबीत. आणि खरोखर मोठ्या फाइली हव्या असतील तर डीएसडी संगीत: २.८२२४ मेगाहर्ट्झ, एका चॅनेलला एक बिट, म्हणजे स्टिरिओचा एक तास सुमारे २.५४ गिगाबाइट.

आधी त्या स्क्रिप्टबद्दल, जी जवळपास प्रत्येकजण पहिल्यांदा लिहितो. एकेक बाइट वाचायचा, त्याची बायनरी स्ट्रिंग करायची, स्ट्रिंग उलटी करायची, परत आकडा करून लिहायचा. छोट्या फाइलवर चालते, म्हणून संशय येत नाही. एका गिबिबाइटमध्ये १०७ कोटींहून जास्त बाइट असतात. एका फेरीला अर्धा मायक्रोसेकंद धरला तरी नऊ मिनिटं निव्वळ लूपमध्ये जातात, आणि त्या वेळात डिस्क रिकामी बसलेली असते. संथपणा एक वेळ परवडेल. तिच्यात बहुतेकदा असलेली दुसरी खोट परवडत नाही. पायथनचं बिन फंक्शन पुढची शून्यं गाळतं. ६ चं रूप ११० मिळतं, उलटून ०११, म्हणजे ३. बरोबर उत्तर ९६ आहे. स्ट्रिंग आठ अंकी करून, डावीकडे शून्यं भरूनच उलटवायला हवी. ज्या बाइटांचा सर्वांत वरचा बिट १ असतो ते या चुकीतूनही बरोबर निघतात, त्यामुळे वरवर चाळलं तर निम्मी फाइल ठीक वाटते.

यावरचा इलाज अगदी साधा आहे. बाइटच्या किमती फक्त २५६ आहेत, तेव्हा उत्तरंही २५६च. ती एकदाच काढून २५६ बाइटांचा तक्ता बनवायचा आणि बाइट्सच्या ट्रान्सलेट मेथडला द्यायचा. ती मेथड अख्ख्या बफरवर सी भाषेतल्या लूपमधून फिरते, पायथनच्या लूपचा खर्च उरत नाही. तक्ता बनवताना स्ट्रिंगची संथ पद्धत वापरली तरी बिघडत नाही, ती २५६ वेळाच चालणार. कर्नलमधल्या बिट उलटवणाऱ्या फंक्शनामागेही सर्वसाधारणपणे असाच २५६ नोंदींचा तक्ता आहे, त्यामुळे हा शॉर्टकट वाटून घ्यायचं कारण नाही.

स्क्रिप्टची मांडणी अशी ठेवावी. इनपुट फाइल बायनरी वाचन मोडमध्ये उघडायची. आउटपुट उघडताना नेहमीचा डब्ल्यूबी मोड टाळून एक्सबी मोड वापरायचा. त्या नावाची फाइल आधीच असेल तर स्क्रिप्ट त्रुटी देऊन थांबते. हा एक अक्षराचा बदल फार मोलाचा आहे. डब्ल्यूबीमध्ये चुकून दोन्हीकडे एकच नाव दिलं, तर वाचायला सुरुवात होण्याआधीच मूळ फाइल शून्य बाइटांची होते, आणि स्क्रिप्ट एकही त्रुटी न दाखवता यशस्वी होऊन संपते. मग लूपमध्ये एका वेळी १ ते ४ मेबिबाइटचा तुकडा वाचायचा, ट्रान्सलेट करायचा, लिहायचा. रिकामा तुकडा आला की थांबायचं. तुकडा याहून मोठा केल्याने फारसं काही पदरात पडत नाही. अख्खी फाइल एकदम वाचली तर मूळ आणि उलटवलेली अशा दोन प्रती एकाच वेळी मेमरीत राहतात, म्हणजे ८ गिगाबाइटच्या फाइलला १६ गिगाबाइट रॅम. आउटपुट आधी तात्पुरत्या नावाने, त्याच फाइलसिस्टिमवर लिहून शेवटी ओएस मॉड्यूलच्या रिप्लेसने खरं नाव द्यावं. अर्धवट फाइल खऱ्या नावाने पडून राहत नाही.

जागेवरच फाइल बदलायचा मोह मात्र आवरावा. एममॅप (फाइल मेमरीत जोडून घेणं) किंवा आर-प्लस (वाचन-लेखन) मोडने मूळ फाइलवरच उलटवत गेलं आणि मध्येच वीज गेली, तर कुठपर्यंत काम झालं ते कळायला मार्ग नसतो. सुरुवातीपासून परत चालवलं तर झालेला भाग पुन्हा सुलटा होतो आणि राहिलेला उलटा. बिट उलटवणं ही क्रिया स्वतःचीच व्यस्त आहे, त्यामुळे ही फाइल कुठल्याच बाजूने बरोबर राहत नाही.

हाच गुण तपासणीत मात्र फार उपयोगी पडतो. स्क्रिप्ट आउटपुटवर पुन्हा चालवा आणि मूळ फाइलशी एसएचए-२५६, म्हणजे फाइलचा ठसा, जुळवा. जुळला म्हणजे एकही बाइट हरवलेला किंवा वाढलेला नाही. पण तेवढ्याने उलटवणं बरोबर आहे हे सिद्ध होत नाही; बाइट जसाच्या तसा लिहिणारी किंवा फक्त निबल, म्हणजे बाइटचे चार-चार बिटांचे अर्धे, अदलाबदल करणारी स्क्रिप्टही ही चाचणी मजेत पास होते. म्हणून ० ते २५५ असे क्रमाने २५६ बाइट असलेली एक फाइल हाताशी ठेवावी. तिचं उलटलेलं रूप हेक्समध्ये ०० ८० ४० सी० २० ए० ६० ई० १० ९० ५० डी० ३० बी० ७० एफ० असं सुरू झालं पाहिजे. निबल-अदलाबदल असेल तर दुसऱ्याच बाइटला ८० ऐवजी १० दिसेल. चाचणीसाठी ००, एफएफ, ए५, ५ए असले बाइट निवडू नयेत. २५६ पैकी १६ बाइट दोन्हीकडून सारखेच वाचले जातात, हे चारही त्यांतले. त्यांच्यावर काहीच न करणारी स्क्रिप्टही उत्तीर्ण ठरते.

वेगाबद्दल एक इशारा. एकाच फाइलवर दोनदा मोजलं की दुसरी वेळ झपाट्याने उरकते, कारण फाइल तोवर ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमध्ये आलेली असते. दोन पद्धतींची तुलना करताना जी नंतर चालवली ती विनाकारण जिंकते. ट्रान्सलेटवाली स्क्रिप्ट साध्या हार्ड डिस्कवर वाचन-लेखनाच्या वेगाशीच अडते, तेव्हा तिला अनेक प्रोसेसमध्ये वाटण्याचा उपद्व्याप करू नये.

आता पर्ल. युक्ती देखणी आहे: अनपॅकला छोट्या बीचा साचा दिला की बिट एलएसबीपासून सुटे होतात, पॅकला मोठ्या बीचा दिला की एमएसबीपासून बांधले जातात, उलटापालट आपोआप. एका ओळीत काम, आणि जिथे पायथन टाकायची परवानगी नाही अशा जुन्या सर्व्हरवरही पर्ल बहुधा असतंच. गैरसोय मेमरीची. मधली स्ट्रिंग प्रत्येक बिटाला एक अक्षर घेते, म्हणजे आठपट. एकोळी कमांडींत नेहमी दिसणारा शून्य-सातशे-सत्याहत्तर हा पर्याय अख्खी फाइल एकदम गिळतो. १ गिगाबाइटच्या फाइलला नुसती ती स्ट्रिंगच ८ गिगाबाइटची. त्याऐवजी रेकॉर्ड-विभाजकाच्या चलात ६५५३६ या आकड्याचा रेफरन्स ठेवावा, मग पर्ल तेवढ्याच बाइटांचे तुकडे वाचतं. हे केलं नाही आणि मोठ्या बायनरीला ओळीओळीने वाचू दिलं, तर ओळ किती लांब निघेल ते फाइलच्या नशिबावर.

विंडोजवर पर्लला इनपुट आणि आउटपुट दोन्हींवर बिनमोड, म्हणजे बाइट जसेच्या तसे ठेव असं, सांगावंच लागतं. न सांगितल्यास होणारी गफलत ओळखायला अवघड आहे, कारण ती उलटवल्यानंतर घडते. मूळ फाइलमधला हेक्स ५० हा बाइट उलटून ०ए होतो, ०ए म्हणजे नवी ओळ, आणि टेक्स्ट मोड तिच्याआधी ०डी घुसडतो. आउटपुट जितक्या बाइटांनी वाढलं तितके ५० मूळ फाइलमध्ये आहेत असं मोजून दाखवता येतं. आकार वाढलेला दिसला की पहिला संशय इथेच घ्यावा. विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये तर बाणाच्या चिन्हाने आउटपुट फाइलकडे वळवूच नये. तिथे तो मजकूर समजून यूटीएफ-१६ मध्ये लिहिला जातो, सुरुवातीला एफएफ एफई चिकटतं आणि फाइल फुगते. फाइलची नावं स्क्रिप्टलाच द्यावीत.

नमपायमध्ये अनपॅकबिट्स आणि पॅकबिट्स ही जोडी आहे. १.१७ आवृत्तीपासून त्यांना बिटऑर्डर सांगता येते. सुटे करताना लिटल, बांधताना बिग, की झालं. दिसायला स्वच्छ, पण इथेही एका बिटाला एक अख्खा बाइट, म्हणजे पर्लसारखीच आठपट मेमरी, आणि ज्या कामाला मूळ पायथन पुरेसं आहे त्यासाठी एक भलंमोठं पॅकेज. एकच नमपाय-वापर पटण्यासारखा आहे, तो पुढे शब्दांच्या, म्हणजे अनेक बाइटांच्या गटांच्या, मुद्द्यात येतो.

एसरेक-कॅटची गोष्ट वेगळी. त्यात बिट-रिव्हर्स नावाचा फिल्टर तयारच आहे. इनपुट फाइलचं नाव, त्यामागे बायनरी हा पर्याय, मग बिट-रिव्हर्स, मग आउटपुटचं नाव आणि पुन्हा बायनरी, एवढं लिहिलं की काम होतं. फिल्टरला बाइटांमधली रुंदी दिली तर १६ किंवा ३२ बिटांचा अख्खा शब्दही उलटतो. कोड लिहायचा नाही, तक्ता चुकायची भीती नाही. मात्र ते प्रत्येक बाइटला ३२ बिटांचा पत्ता देऊन चालतं, त्यामुळे ४ गिबिबाइटच्या पुढच्या फाइली त्याच्या हद्दीबाहेर. ईप्रॉम, फ्लॅश आणि मायक्रोकंट्रोलरच्या प्रतिमांसाठी ते बनलंय, त्या आकारात ते उत्तमच.

त्याची खरी कमाई हेक्स फाइलींवर दिसते. इंटेल हेक्स ही मजकुराची फाइल असते. तिच्यावर पायथनची स्क्रिप्ट जशीच्या तशी सोडली की अंक नि अक्षरांचे बाइट उलटतात, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचा कोलन बॅकस्लॅश होतो आणि चिपमध्ये डेटा भरणारं प्रोग्रॅमर उपकरण फाइल घ्यायलाच नकार देतं. एसरेक-कॅट आधी रेकॉर्ड वाचतं, आतला डेटा उलटवतं, प्रत्येक ओळीची चेकसम (तपासणीची बेरीज) नव्याने लिहितं. पत्ते जागचे हलत नाहीत. हे स्वतः लिहायला बसलात तर अर्धा दिवस जाईल, आणि वाढीव पत्त्यांच्या रेकॉर्डांत कुठेतरी ठेच लागेलच.

आता ज्या चुकीने सर्वांत जास्त वेळ जातो ती. ‘बिट उलटवा’ या दोन शब्दांत एकक सांगितलेलंच नसतं. बाइटमधले बिट उलटवणं, ३२ बिटांच्या शब्दातले ३२ बिट उलटवणं आणि अख्खी फाइल शेवटच्या बिटापासून पहिल्यापर्यंत उलटवणं, ही तीन वेगळी कामं आहेत. ३२ बिटांचा शब्द उलटवायचा तर बाइटांचे बिट उलटवून शिवाय चार-चार बाइटांचा क्रमही फिरवावा लागतो. पायथनमध्ये त्यासाठी नमपाय नसलं तरी चालतं: त्याच लांबीचा बाइटअॅरे घ्यायचा आणि चारच्या पायरीने चार वेळा स्लाइस भरायचे, ० पासूनच्या जागी ३ पासूनचे, १ च्या जागी २ चे, तसेच पुढे. लांबी चारच्या पटीत नसेल तर स्लाइसची लांबी जुळत नाही आणि त्रुटी येते, हे बरंच आहे. नमपायमध्ये हेच बाइटस्वॅपने एका ओळीत होतं; अशी कामं रोजची असतील तर तो घ्यावा. नुसते जोडीजोडीने बाइट बदलायचे असतील तर डीडीचा स्वॅब पर्यायही आहे, पण तो बिटांना हात लावत नाही. लोक गल्लत करतात.

शब्दांवर काम करताना तुकड्याचा आकार शब्दाच्या पटीत ठेवावा. त्याहून छुपी अडचण पाइपची आहे. बफर बंद ठेवून पाइपमधून वाचलं तर मागितलेल्यापेक्षा कमी बाइट हाती येऊ शकतात, शब्दाची सीमा मध्येच सरकते आणि तिथून पुढची फाइल बिघडते. एकेका बाइटच्या कामाला याने काही फरक पडत नाही, म्हणून तीच स्क्रिप्ट शब्दांसाठी वाढवली की हा घोळ पहिल्यांदा दिसतो. अख्खी फाइल उलटवायची असेल तर तुकडे शेवटून वाचत यावे लागतात. पुढून वाचून प्रत्येक तुकडा आतल्या आत उलटवणं म्हणजे भलतंच काहीतरी.

उलटवायचं आहे की नाही हे हेक्समध्ये पहिले काही बाइट पाहूनच ठरवावं. झायलिंक्सच्या ७-सीरिजच्या बिटस्ट्रीममध्ये (चिपमध्ये भरायच्या डेटात) एए ९९ ५५ ६६ हा सिंक शब्द असतो. त्याऐवजी ५५ ९९ एए ६६ दिसला तर फाइल आधीच उलटलेली आहे. त्याच्या आधीचा ००००००बीबी ११२२००४४ हा भाग ००००००डीडी ८८४४००२२ असा दिसतो. हे पाहणं गरजेचं, कारण झायलिंक्सच्या विवाडो या सॉफ्टवेअरमधलं मेमरी फाइल बनवणारं साधन काही इंटरफेससाठी बिट आपणहून उलटवतं. त्यावर स्क्रिप्ट चालवली की सगळं पूर्वपदावर येतं आणि चिप काहीच न बोलता गप्प बसते. इतर फाइलींच्या ओळखखुणाही पाठ करण्याजोग्या आहेत. एफ८ डी१ ने सुरू होणारी अनोळखी फाइल म्हणजे उलटलेली जीझिप. ९१ ०ए ७२ ई२ म्हणजे पीएनजी, एफई ए२ ३२ ६२ म्हणजे ईएलएफ, ०ए डी२ म्हणजे झिप.

मोकळ्या जागा असलेल्या, म्हणजे स्पार्स डिस्क प्रतिमांना अजून एक बारकावा लागू आहे. शून्य उलटून शून्यच राहतं, पण स्क्रिप्ट ते इमानेइतबारे लिहीत जाते आणि ५ गिगाबाइट खाणारी १०० गिगाबाइटची प्रतिमा खरोखर १०० गिगाबाइट जागा व्यापते. पूर्ण शून्यांचा तुकडा आला तर न लिहिता सीकने पुढे सरकावं आणि शेवटी ट्रंकेटने फाइलची लांबी नक्की करावी.

उरला हेडर. चारही साधनं सांगितलेलं सगळं उलटवतात. कुठला भाग वगळायचा हे त्यांना आपसूक कळत नाही. झायलिंक्सच्या बिट फाइलला डिझाइनचं नाव, तारीख वगैरेंचा हेडर असतो, बिन फाइलला नसतो. शक्य तिथे बिनच घ्यावी. डीएसडी संगीताच्या डीएसएफ फाइलीचं प्रकरण जास्त नाजूक आहे. तिच्यात आधी २८ बाइटांचा डीएसडी चंक, मग ५२ बाइटांचा एफएमटी, मग डेटा चंकचे १२ बाइट, म्हणजे संगीत ९२ व्या ऑफसेटपासून सुरू होतं, आणि शेवटी गाण्याच्या माहितीचा आयडी३ भाग असू शकतो. डेटा चंकमध्ये लिहिलेल्या आकारातून १२ वजा करून तेवढेच बाइट ट्रान्सलेटमधून काढावेत, आधीचे आणि नंतरचे जसेच्या तसे उतरवावेत. एफएमटी चंकमधल्या बिट्स-पर-सॅम्पल या रकान्यात १ म्हणजे एलएसबी आधी आणि ८ म्हणजे एमएसबी आधी, तोही सोबत बदलायचा. तो बदलायला विसरलात तर प्लेअर जुन्याच क्रमाने वाचतो आणि स्पीकरमधून नुसती खरखर येते. आणि यातून डीएफएफ (डीएसडीचाच दुसरा फाइल-प्रकार) फाइल मिळते असं मात्र समजू नये: डीएसएफमध्ये प्रत्येक चॅनेलचे ४०९६ बाइटांचे गठ्ठे आळीपाळीने येतात, डीएफएफमध्ये चॅनेल बाइटागणिक बदलतो, तेव्हा ती मांडणी वेगळ्या लूपमध्ये नव्याने लावावी लागते.